चौकोनाच्या मधोमध

माझा हात खाली आला आणि तिथेच राहिला. हात थांबला तसे सगळे थांबले. चारी बाजूंच्या बाकांवरची माणसं मांडीवर उघडी पुस्तकं घेऊन, तोंडं अर्धवट उघडी ठेवून माझ्याकडे बघत होती, आणि मी त्यांच्याकडे. मे महिन्याची दुपार होती आणि कूलर बंद होता, कारण तो चालू असला की आमचं गाणं आम्हालाच ऐकू येत नाही. घाम कानामागून मानेवर उतरला तोसुद्धा मला कळला, इतकी शांतता झाली.

मग दाराजवळच्या खुर्चीवरून हसण्याचा आवाज आला. तोंडावर रुमाल धरून हसतात तसा, पण पोचेल इतपत.

"झालं का हो काकू?" खुर्चीवरची बाई म्हणाली.

ती आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाची प्रमुख. ती तिथे बसली होती, कारण मीच तिला बोलावलं होतं. हे गाणं शेवटपर्यंत नेता आलं नाही तर मी तिच्या मंडळात जाऊन मरेपर्यंत नुसत्या टाळ्या वाजवीन, तोंडातून सूर काढणार नाही, असा शब्द मी तिला भाजीच्या गाडीपाशी तीन बायकांसमोर दिला होता. आणि आता पहिल्याच ओळीनंतर मी गप्प उभी होते.

हे कसं झालं ते सांगते.

मी नागपूरच्या नंदनवन भागात राहते. आमच्या गल्लीत बायकांचं भजनी मंडळ आहे, गुरुवारी दुपारी, एकेकीच्या घरी आळीपाळीने. तिथे पुष्कळ वर्षं मी पुढे बसून गायले. आमची रीत अशी की पुढची बाई एक ओळ म्हणते आणि थांबते, बाकीच्या तीच ओळ उचलतात, मग ती पुढची ओळ टाकते. मला गाणं कुणी शिकवलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. पण आवाज मोठा होता आणि लाज नव्हती, आणि भजनाला तेवढं पुरतं.

मग गळ्यात गाठ झाली. ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण आवाजाची एक नस कामातून गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता आहे असाच राहणार, म्हणाले. माझा आवाज खाली घसरला आणि फरशीवरून लोखंडी कॉट ओढल्यासारखा झाला. सिलिंडरवाल्याचा फोन येतो तर म्हणतो, "भाऊ, घरी बाई असतील तर द्या ना." मी म्हणते, "बाईच बोलून राहिली गा, सिलिंडर आण."

मी घरी बसून रडले बिडले नाही. महिनाभराने मंडळात गेले, पुढे बसले, ओळ टाकली. कुणी उचलली नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्या वर्षी मंडळाला कुठल्याशा स्पर्धेत जायचं होतं, एकसारख्या साड्यासुद्धा घेऊन झाल्या होत्या. प्रमुखबाई गोड आवाजात म्हणाल्या, "काकू, तुम्ही आता नुसत्या टाळ्या वाजवा हो. आवाजाला आराम."

मी मागे बसून टाळ्या वाजवल्या. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत वाजवल्या. कधी चुकून तोंड उघडलं की शेजारची मांडीवर हात ठेवायची, लहान पोराला गप्प करतात तसं. दिवाळी झाल्यावर मी साडी नीट घडी करून परत दिली आणि जाणं बंद केलं. म्हटलं, हात काय घरी नाहीत का माझे?

त्याच थंडीत एका रविवारी आम्ही सदर भागात नातेवाइकांकडे बारशाला गेलो होतो. जेवण झालं, डीजे सुरू झाला. मी बाहेर येऊन उभी राहिले, तर शेजारच्या शाळेच्या जुन्या हॉलमधून आवाज येत होता. मला वाटलं, भांडण लागलं. भांडण बघायला मला आवडतं, म्हणून गेले.

आत बाक चौकोनात मांडले होते, सगळ्यांची तोंडं मध्याकडे. वीसपंचवीस माणसं असतील. पेटी नाही, तबला नाही, टाळ नाहीत, माईक नाही. एक मुलगी मधे उभी राहून हात खालीवर करत होती आणि सगळे घसा ताणून ओरडत होते. गोड असं त्यात काही नव्हतं. ऐकणाऱ्याची कुणाला पर्वा आहे असं दिसेना. मी भिंतीजवळ खुर्ची ओढून बसले तशी एक चष्मेवाली बाई उठून आली.

"ऐकायला बसत नाहीत इथे," ती म्हणाली. "बाकावर या."

"मले गाता येत नाही. गळ्याचं ऑपरेशन झालं."

"ते मग बघू. आधी बसा."

सगळे तिला ताई म्हणतात. वयाने माझ्याहून लहान, पण मीही ताईच म्हणते. नागपूरचीच, ख्रिश्चन, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली. लेकीकडे अमेरिकेत राहायला गेली तेव्हा तिथल्या एका गावातल्या लोकांकडून हे गाणं शिकली, आणि येताना बॅगेत कपड्यांच्या जागी पुस्तकं भरून आली. सुरुवातीला दोनतीन बाया जमायच्या, आता बाक भरतात. तिने मला 'आ' म्हणायला लावलं. मी म्हटलं. आजूबाजूच्या दोघांनी वळून पाहिलं.

"छान," ताई म्हणाली. "तुम्ही या बाकावर." आणि मला पुरुषांच्यात नेऊन बसवलं.

तिथे चार बाक म्हणजे चार आवाज. बारीक आवाजाचे एकीकडे, त्याहून थोडे खालचे दुसरीकडे, मुख्य चाल म्हणणारे तिसरीकडे, आणि सगळ्यात जाड आवाजाचे चौथीकडे. चौथ्या बाकावर पुरुष होते आणि मी. माझ्या शेजारी रेल्वेतून रिटायर झालेला एक टकला म्हातारा होता. तो सरकून जागा देत म्हणाला, "या मावशी, बसा."

"मावशी कोणाले म्हणतो गा? आरशात पाह्यलं का कधी?"

"पाह्यलं ना. केस नव्हते, म्हणून वय कळलं नाही."

तेव्हापासून त्याचं माझं जमलं.

गाणं शिकायची रीत सोपी आहे. पुस्तकातल्या सुरांना आकार असतात. त्रिकोणी आकार दिसला की 'फा' म्हणायचं, गोल दिसला की 'सोल', चौकोन म्हणजे 'ला', आणि तिरपा चौकोन असतो तो 'मि'. आधी सगळं गाणं या नावांनीच म्हणायचं, आपापल्या बाकाचं आपापलं, मग दुसऱ्या खेपेला शब्द घालून. मी घरी येऊन पाठ केलं: समोसा फा, पुरी सोल, फरशी ला, शंकरपाळा मि.

रेल्वेवाल्याला सांगितलं तर म्हणे, "बाकी सगळं खाण्याचं, मंधातच फरशी काहून? बर्फी म्हणा ना."

"बर्फी शुगरमुळे बंद आहे."

"मंग समोसा चालते का?"

"तोही बंद आहे. पण 'फा'ले दुसरं सापडलं नाही."

मी लवकर शिकले असं नाही. सगळ्यांत मागे मीच होते. पुरी दिसायची तोवर गाणं पुढच्या ओळीवर गेलेलं असायचं. आणि शब्द सगळे इंग्रजीत. ताईने ते मराठी अक्षरांत लिहून द्यायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. मला न कळणारे शब्द तोंडात घोळवण्यापेक्षा मी दुसऱ्या खेपेलाही फा सोल ला म्हणत राहिले. पहिले काही रविवार लोक बघायचे, मग बघायचे थांबले. अर्थ मात्र मी विचारून घ्यायचे.

"हे कशाचं गाणं आहे?" मी रेल्वेवाल्याला विचारलं.

"मराचं."

"आन ते मघाचं?"

"तेही मराचंच."

"मंग एवढ्या जोरात काहून म्हणून राहिले?"

"हळू म्हटलं तं मरण टळते का?"

मला हे पटलं. मंडळात मरणाची ओळ आली की बायका डोळे मिटून आवाज बारीक करायच्या. इथे बाक हादरायचे.

घरी सुनेला काळजी. नोकरी करते, शहाणी आहे, पण व्हॉट्सॲपवर फार असते. एका संध्याकाळी कणीक मळता मळता म्हणाली, "आई, ते चर्चवाले आहेत म्हणे. धर्म बदलवून राहिले असतील तं?"

"माहा धर्म घेऊन कोण काय करन या वयात? गुडघे घेत असतील तं देऊन टाकते."

"तसं नाही. लोक विचारतात."

"कोण विचारते?"

तिने नाव सांगितलं नाही, पण मंडळातलंच कुणी हे मला कळलं.

मी घरात हाताचा सराव करायचे. हात खाली, हात वर, खाली, वर. मधे उभं राहणाऱ्याचा हात म्हणजे सगळ्यांचा हुकूम असतो. तो हळू गेला तर गाणं हळू, तो भराभर गेला तर भराभर. त्याला कुणी मधे बोलत नाही, शिकवत नाही. ज्याला उभं राहायचं त्याने आपलं गाणं निवडायचं, आणि तेवढा वेळ तो म्हणेल तसं. लहान पोरं उभी राहतात, नव्याने आलेले उभे राहतात. नवा असला तर ताई शेजारी उभी राहते, हात चुकला की आपल्या हाताने सांभाळून घेते. मी ओट्याजवळ उभी राहून हात हलवत होते तर सून म्हणाली, "आई, कोणाले बोलवून राहिल्या?" मी म्हटलं, "यमाले. दार उघडं ठेव."

आता भाजीच्या गाडीची गोष्ट. एप्रिल संपत आला होता. मी दोडके निवडत होते. प्रमुखबाई आल्या, सोबत मंडळातल्या तीन बायका.

"काकू, ऐकलं ते खरं का हो? इंग्रजी भजनं म्हणता म्हणे तुम्ही. पुरुषांच्यात बसून?"

"बसते."

"पुरुषांच्या आवाजात?"

तिघी हसल्या. भाजीवालाही हसला, त्याला हसायचं काही कारण नव्हतं.

"आवाज त्यायचाच आहे तं तिथंच बसन ना," मी म्हटलं.

"रागावू नका हो. आपल्या मंडळाला टाळ्यांना माणूस कमीच आहे. कशाला एवढ्या उन्हात सदरला जाता? या इकडे, बसा मागे आरामात."

त्या 'आरामात' शब्दाने माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "येत्या रविवारी मी मंधात उभी राहून गाणं नेणार आहे. ये पाहाले. शेवटपर्यंत नाही नेलं तं येते तुह्या मंडळात. मरेपर्यंत टाळ्या वाजवीन. तोंड उघडणार नाही."

"मरेपर्यंत?"

"मरेपर्यंत."

"बघा हं, तिघी ऐकताहेत."

"आजी," भाजीवाला म्हणाला, "दोडके घ्याचे का नाही?"

खरं म्हणजे तोवर मी एकदाही मधे उभी राहिले नव्हते. राहायचं ठरवलंही नव्हतं. पण बोलून गेले होते, आणि बोललेलं मी मागे घेत नाही. दोडके घेतले आणि घरी आले. त्या आठवड्यात नीट झोप लागली नाही. टाळ्या वाजवत बसण्यात तसं काही मरण नाही. बायका वाजवतातच. पण वाजवायला बसले की पुन्हा कधी उठायचं नाही, हे मला माहीत होतं. रविवारचे ते दोन तास सोडले तर माझं तोंड दिवसभर फक्त चहा, दूध, औषध आणि सिलिंडर याच शब्दांना उघडत होतं. तिथे मात्र मी ओरडत होते आणि कुणी मांडीवर हात ठेवत नव्हतं. ते गेलं असतं.

रविवारी प्रमुखबाई आल्या. स्कूटीवर, गॉगल, तोंडाला ओढणी. ताईने त्यांनाही बाकावर बोलावलं. "नको, मी फक्त काकूंचं ऐकायला आलेय," त्या म्हणाल्या आणि दाराजवळची खुर्ची घेतली. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बसू द्या."

माझी पाळी आली. गाणं मी छोटं निवडलं होतं. पाठ होतं, आकार डोळ्यासमोर होते. ताई पुस्तक ठेवून उठली, माझ्या शेजारी यायला.

"नको," मी म्हटलं. "एकटी उभी राहते."

"पहिल्या वेळी सगळेच..."

"एकटी."

ती बसली. ताईने बसल्या जागेवरून सूर दिला, चारी बाकांनी आपापला सूर हळूच धरून पाहिला, आणि मी हात खाली आणला.

पहिली ओळ बरी गेली. मधे उभं राहिल्यावर आवाज चारी बाजूंनी येऊन अंगावर आदळतो. बाकावर बसून मला याची कल्पना आली नव्हती. माणूस दबकतोच. ओळ संपली, आणि माझ्या हाताने जन्मभर जे केलं तेच केलं. मंडळात मी ओळ टाकायचे आणि थांबायचे, बायका ती उचलायच्या. मी ओळ टाकली आणि थांबले. ते उचलतील म्हणून. पण इथे कुणी काही उचलत नाही. सगळे एकदमच म्हणतात, आणि हात थांबला की त्यांनी थांबायचं असतं. ते थांबले. मी त्यांची वाट बघत होते, ते माझी.

आणि मग ते हसणं, आणि "झालं का हो काकू?"

पाय आपोआप बाकाकडे वळायला लागले होते, हे खरं सांगते. ताई पुन्हा अर्धी उठली. मी तिला हातानेच खाली बसवलं आणि बाकांकडे बघून म्हटलं, "तुमी काहून थांबले?"

मग माझ्याच बाकावरून रेल्वेवाला म्हणाला, "तुमीच थांबवलं ना वं!"

"मी तुमची वाट पाहून राहिली होती."

"आन आमी तुमची!"

सगळा हॉल हसला. ते हसणं दाराजवळच्या हसण्यासारखं नव्हतं. मी हसले नाही. मला काय झालं ते कळलं होतं, आणि आता मी कुणाची वाट बघणार नव्हते.

"सूर द्या," मी ताईला म्हटलं.

दुसऱ्यांदा मी हात उचलला आणि ठरवलं की आता काही झालं तरी तो खालीवर होत राहणार. मी मेले तरी. हात हळू चालला. फारच हळू, जात्याच्या खुंट्यासारखा. घाईत पुन्हा काही सवयीचं होईल ही भीती होती. तिथली रीत म्हणून सगळे माझ्या हाताने हळू चालले. बारीक आवाजाच्या बायकांना श्वास पुरेना. ओळीच्या मधेच त्या दम घ्यायला लागल्या, एक इकडे, एक तिकडे. माझ्या बाकावरचे पुरुष लाल झाले. रेल्वेवाल्याचे डोळे बाहेर आले होते, पण पुस्तकावरून उठून माझ्या हातावर यायचे आणि परत जायचे. कुणी पुढे पळालं नाही.

तिसऱ्या ओळीत सूर वर जातो. तिथे माझा आवाज गेला. तोंड उघडं, आणि आतून नुसती हवा. दिवाळीच्या आधी असं झालं असतं तर मी पदराने तोंड पुसून गप्प बसले असते. आता मी हात चालू ठेवला. आवाज नव्हता तरी हात होता, आणि हात होता म्हणून बाकीचे चालू होते. ओळ खाली उतरली तसा माझा आवाज परत आला, लोखंडी कॉटसकट. आकारांची पहिली खेप संपली. मी थांबले नाही. दुसरी सुरू केली. ते शब्द म्हणायला लागले, मी समोसा पुरी म्हणत राहिले, म्हणजे फा सोल ला. गाणं मरणाचंच होतं. शेवटी लांब सूर आहे, तो मी इतका लांबवला की कुणीतरी मधेच खोकलं. मग हात खाली आणला आणि या वेळी मुद्दाम थांबवला.

तिथे गाणं संपल्यावर कुणी वाहवा करत नाही. ताईने पुढच्या माणसाचं नाव घेतलं आणि मी बाकावर जाऊन बसले. रेल्वेवाला पाणी पिऊन म्हणाला, "मारलं असतं वं तुमी मले."

"मंग गाणंही मराचंच होतं ना."

सुटल्यावर प्रमुखबाई दाराशी गॉगल हातात घेऊन उभ्या होत्या.

"काकू, पण तुमचा आवाज तर कुठे ऐकूच आला नाही."

"तुले आवाज ऐकाले बोलावलं नव्हतं. शेवटपर्यंत नेते म्हटलं होतं. नेलं का नाही?"

"मधे थांबल्या होत्याच की."

"थांबली होती. नेलं का नाही?"

त्यांनी ओढणी सारखी केली. "नेलं हो," त्या म्हणाल्या. "पण याला काय गाणं म्हणायचं? सगळे नुसते ओरडतात. गोडवा नाही, भाव नाही."

"नाही," मी म्हटलं. "गोड तं नाहीच."

त्यांना माझ्याकडून भांडण हवं होतं. ते मिळालं नाही म्हणून त्या स्कूटी काढून गेल्या. मी ऑटोची वाट बघत सावलीत उभी राहिले. घरी येऊन दोन ग्लास ताक प्यायले आणि संध्याकाळपर्यंत झोपले.

गल्लीत पुढच्या गुरुवारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की काकू मधे उभ्या राहिल्या आणि पहिल्याच ओळीला अडकल्या, सगळा हॉल हसला. सुनेलाही ऑफिसातून येताना कुणीतरी गाठून सांगितलं. ती बॅग ठेवायच्या आधी माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, खरंच अडकल्या होत्या का तुमी?"

"हो."

"आन सगळे हसले?"

"हो, हसले."

"मंग?"

"मंग गाणं झालं पूर्ण."

"ते नाही सांगितलं त्यायनं."

"त्या कायले सांगतीन?"

ती म्हणाली, "मंग टाळ्या वाजवायले जाणार नाही ना?" मी म्हटलं, नाही. ती आत चहा ठेवायला गेली.

त्यानंतर मी रविवार चुकवलेला नाही, एक ताप आला तो सोडून. अजून मागेच असते. अजून वरच्या सुराला नुसती हवा येते. मधे पुन्हा उभी राहिले आहे, पुष्कळदा, आणि ताईने एकदा हळूच सांगितलं की थोडं भराभर घेतलं तर लोकांना श्वास मिळेल. मी म्हटलं, बघू. अजून हळूच घेते.

गल्लीतल्या बायका ती गोष्ट अजून सांगतात. नवीन भाडेकरू आला की त्यालाही कळते. त्यांची गोष्ट मी थांबले तिथे संपते. ती खोटी नाही, म्हणून मी कधी भांडायला गेले नाही. पुढचं मात्र सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून बसून लिहून काढलं. चौथी शिकलेल्या बाईला एवढं लिहायला फार वेळ लागतो. पहिल्या ओळीला अडकली ती मीच, आणि शेवटच्या सुराला त्या चौकोनात उभी होती तीही मीच.